घर वेगळं, पत्ता वेगळा

आमच्या सरांना फळा लागायचा नाही. खाली पिठाची गिरणी आणि वर आमचा कॉम्प्युटरचा क्लास. जिन्यातनं, खिडकीतनं, लाकडी जमिनीच्या फटींतनं पीठ वर यायचं आणि बाकांवर पातळ बसायचं. सर त्या पिठात बोटानं चौकोन काढायचे, एकाला एक चिकटून, आगगाडीच्या डब्यांसारखे. "हा अ‍ॅरे." मग जरा लांब एकच चौकोन काढायचा आणि त्यातनं निघालेला बाण रांगेतल्या पहिल्या चौकोनावर नेऊन टेकवायचा. "आणि हा पॉइंटर. घर वेगळं, पत्ता वेगळा. आलं का ध्यानात?" ध्यानात कुणाच्याच यायचं नाही. सर बोटाचं पीठ पँटला पुसायचे. उजव्या मांडीवर तो पांढरा डाग कायमचा. सकाळी परीटघडीची पँट घालून आले तरी दुपारपर्यंत डाग हजर.

मी तिथं गेले ती टायपिंग शिकायला. बी.एस्सी. झाली होती, लग्न ठरत नव्हतं, आणि घरात बसून मी सगळ्यांशी भांडत होते. वडील म्हणाले, "हिला कुठंतरी अडकवा, न्हायतर आम्ही येडं होऊ." आई म्हणायची, हिची जीभ आधी घरात शिरती, ही मागनं येती. कोल्हापुरातच गंगावेशीच्या अलीकडं गिरणीवर क्लास आहे असं कुणीतरी सांगितलं. वर गेले तर पोरं-पोरी पांढऱ्या केसांनी बसलेली. मला वाटलं, अगं बया, ही म्हाताऱ्यांची शाळा की काय! पीठ होतं ते. सरांनी विचारलं, "टायपिंग का सी?" सी ही प्रोग्राम लिहायची भाषा हे मला ठाऊक नव्हतं, पण त्या वेळी टायपिंग म्हणायची लाज वाटली. "सी," म्हटलं. फुकटच्या तोऱ्यात माणूस काय काय करून बसतो बघा. त्या एका शब्दावर मी पुढं पुण्यात जन्मभराची नोकरी केली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा. आता तो क्लास आठवला की मला त्यातलं ऊन आधी आठवतं. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतनं उन्हाची एक तिरकी पट्टी आत यायची आणि तिच्यात पीठ तरंगत राहायचं. खाली गिरणीचा पट्टा फिरायला लागला की जमीन बारीक हलायची. बाक हलायचे, मॉनिटर हलायचे, निळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरंही हलतायत असं वाटायचं. सगळ्यांना गुंगी यायची. ज्वारीचं पीठ चालू असेल तर वेगळा वास, गव्हाचं असेल तर वेगळा. मिरची कांडायला घेतली की मात्र क्लासला सुट्टी. मग सगळे शिंकत शिंकत रंकाळ्यावर जायचे, आणि सर तिथं कट्ट्यावर बसून पाण्याकडं बघत शिकवायचे.

आणि खिडकीजवळच्या खुर्चीत अव्वा बसलेल्या असायच्या. सरांच्या आई. सर मूळचे नेसरीचे, तिकडं गडहिंग्लजच्या बाजूला कानडी शेजार, म्हणून आईला अव्वा. त्या सरांना तम्मा म्हणायच्या, कानडीत लहान पोराला लाडानं म्हणतात तसं. एवढा उंच, पोक काढून चालणारा, केस पिकायला लागलेला बाप्या, आणि त्याला तम्मा! आम्हाला पहिल्यांदा हसू यायचं, नंतर सवय झाली. कपाळावर विभूती, अंगावर इरकल, मांडीवर एक कापडी पिशवी. सरांनी लग्न केलेलं नव्हतं आणि अव्वांना घरात एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून त्या रोज क्लासला यायच्या. कुणीही समोरून गेलं की एकच विचारायच्या, "पोरी, घरला कवा जायाचं गं?"

"जाऊ की अव्वा, उद्या," सर पिठात चौकोन काढता काढता म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी परत तेच. सरांचा आवाज कधी चढला नाही. बाकी जगावर चढायचा, अव्वांवर नाही.

घर म्हणजे नेसरीच्या बाजारपेठेतलं. पुढं वडलांचं किराणा दुकान, मागं दोन खोल्या. वडील गेले, दुकान बसलं, आणि सरांनी ते घर विकून हे कॉम्प्युटर घेतले. अव्वांच्या संमतीनं, त्यांच्या सहीनं. घेणाऱ्यानं ते पाडून तिथं सिमेंटची इमारत बांधली, खाली खताचं दुकान काढलं. हे सगळं अव्वांना ठाऊक होतं. मग त्यांचं विसरणं सुरू झालं, आणि विसरताना त्या नेमकं हेच पहिलं विसरल्या. मला हे गिरणीवाल्या मामांनी सांगितलं. सरांना विचारायची तेव्हा हिंमत नव्हती, आणि माझी हिंमत नसणं ही आमच्या घरात बातमी झाली असती.

सर विक्षिप्त होते ते असं की, पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला कॉम्प्युटर चालूच करू दिला नाही. "मशीनला हात लावायच्या आधी घर म्हंजे काय ते शिका." त्याऐवजी कागदाचे कपटे द्यायचे. त्यावर एक पत्ता. अमक्या तालमीच्या मागं, निळं दार. "जा, तितं काय हाय बघून ये." मी उन्हातनं धापा टाकत गेले, तर निळ्या दारापुढं म्हशी धारेला उभ्या आणि लोक पेले घेऊन ताटकळलेले. परत येऊन सांगितलं. सर म्हणाले, "म्हशी आणल्यास का?"

"म्हशी कशा आणू सर? काय बी काय!"

"मग हातात काय हाय?"

"कागद."

"कागदाला शेण लागलं का?"

"न्हाय."

"मग झालं की. पॉइंटर म्हंजे हा कागद. म्हशी तिकडंच." आणि ते इतके खूश झाले की खाली जाऊन सगळ्यांना चहा सांगून आले.

कागद बदलता येतो, पुसून दुसरा पत्ता लिहिता येतो, हे त्यांचं आवडतं प्रकरण. झोपडीचा पत्ता असो नाहीतर राजवाड्याचा, कागद तेवढाच लागतो. "मापून बघा," म्हणायचे. पुढं महिन्यानं मशीन चालू केल्यावर आम्ही खरंच मापून बघितलं. अ‍ॅरेचं माप जेवढी घरं तेवढं भरायचं, पॉइंटर मात्र सगळे सारखेच चिमुकले. सर रस्त्यातही असेच वागायचे. कुणी परगावचा माणूस येऊन विचारायचा, "ओ, अमक्यांचं घर कुठं आलं?" तर सर गंभीरपणे विचारणार, "तुम्हाला घर पाहिजे का घराचा पत्ता?" तो बिचारा दुसऱ्या कुणालातरी विचारायला पळायचा.

आमच्यात कबनूरचा एक पोरगा होता. घरी माग, दिवसभर खटखटाट, त्यामुळं तो साधं बोलायचा तेही ओरडून. सरांनी एकदा त्याला असाच एका पत्त्यावर धाडला. तो लई वेळानं आला, घामानं निथळत. "सर, तितं घरच न्हाय! पाडलंय! नुसता खड्डा हाय!"

आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी खिडकीकडं बघितलं. अव्वा पिशवीच्या बंदाची गाठ सोडत होत्या, बांधत होत्या. सर हळू म्हणाले, "असा पत्ता जवळ ठेवायचा न्हाय. घर गेलं की कागद फाडून टाकायचा. न्हायतर माणूस जातो आणि खड्ड्यात पडतो." खाली पट्टा फिरत होता आणि उन्हात पीठ हलत होतं.

कबनूरकराला एक गाइड सापडलं होतं. कुणा अर्धवट माणसानं लिहिलेलं, पण परीक्षेला चालायचं. त्यात छापलं होतं की अ‍ॅरे आणि पॉइंटर एकच. त्यानं ते भर वर्गात मोठ्यानं वाचलं. त्याचा नेहमीचाच आवाज, पण सरांना वाटलं हा आव्हान देतोय. त्यांनी गाइड घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. "आता उपयोगाला आलं," म्हणाले. मग त्यांनी त्याला मशीनवर बसवलं. एक अ‍ॅरे जाहीर करायला लावला, दहा घरांचा, char a[10]. आणि खाली त्या नावाला दुसरीकडं वळवायला लावलं, बरोबरचं चिन्ह देऊन. मशीननं ठोक्यात उत्तर दिलं, एलव्हॅल्यू रिक्वायर्ड.

"म्हंजे काय सर?"

"म्हंजे मशीन म्हणतंय, हे नाव म्हंजे कागद न्हाय बाबा, ही जागा हाय. जागा उचलून दुसरीकडं नेता येत न्हाय. पॉइंटरला सांग, आजपासनं तू राजारामपुरीत. तो जाईल. अ‍ॅरेला सांगून बघ." ते थांबले, आणि तोंड आमच्याकडंच ठेवून म्हणाले, "आमच्या अव्वाला मी किती वर्षं सांगतोय, हे उत्तरेश्वर पेठेतलं आपलं घर. भाड्याचं असलं तरी आपलंच. रोज तीच एरर."

वर्गात कुणाला कुठं बघावं ते कळेना. अव्वांनी आपलं नाव ऐकून मान वर केली. "निघायचं व्हय?"

"उद्या, अव्वा."

त्याच सुमारास मी आणि कबनूरकरानं मिळून एक प्रोग्राम लिहायला घेतला, त्याच्या घरच्या मागांसाठी. कुठला माग, कुणाच्या हाताखाली, किती कापड निघालं, असं काहीतरी. अर्धा मी लिहिला, अर्धा त्यानं, दोन वेगळ्या फायलींत. गावाचं नाव मी माझ्या फायलीत अ‍ॅरे म्हणून ठेवलं. त्यानं त्याच्या फायलीत तेच नाव बाहेरनं मागवलं, पण पॉइंटर म्हणून. गाइडात एकच आहे ना! मशीननं एका शब्दानं हटकलं नाही. प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर कबनूरच्या जागी हसरी तोंडं, बदाम, इस्पिक आणि कसल्या कसल्या उलट्यासुलट्या खुणा उमटल्या, मग सगळंच गोठलं. मी त्याच्यावर ओरडले, तो माझ्यावर. खालून गिरणीवाले मामा विचारायला आले, कोण मेलं म्हणून.

सर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बसतात शिव्या. तर त्यांचा चेहरा उजळला. "आयला! काय सुंदर चुकलाय रे!" त्यांनी पिठात माझी चौकोनांची रांग काढली, प्रत्येकात कबनूरचं एक एक अक्षर. "हिनं घर बांधलं. ह्याला वाटलं, तो कागद हाय, ह्याच्यावर पत्ता लिवलाय. म्हणून ह्यानं घराच्या भिंतीवरची अक्षरं पत्ता म्हणून वाचली आणि निघाला चालत. कुठं पोचला ते देवाला ठाऊक. त्या रानातल्या खुणा हायत ह्या."

"पण मशीननं सांगाय नको व्हय आधी?" मी म्हटलं.

"तेला काय म्हाईत? तू तुझ्या जागी बरोबर. ह्यो त्याच्या जागी बरोबर. नाव एकच, पण दोघांनी मनात धरलेली वस्तू वेगळी. मशीन दोघांवर इश्वास ठेवतं." मग ते माझ्या शेजारी बाकावर बसले, पिठातच. "आमच्या घरात हेच चाललंय बघ. ती घर म्हणती आणि मी घर म्हणतो. ती जागा म्हणती. मी पत्ता समजतो, आज हा, उद्या तो. दोघं बोलतोय, दोघंबी खरं बोलतोय, आणि एकमेकाला कायबी पोचत न्हाय."

मला सी त्या दिवशी कळलं. सरही थोडेसे कळले. अशा वेळी मला रडू येत नाही, राग येतो. मी घरी जाऊन विनाकारण आईशी भांडले.

मग ती दुपार आली. लाइट गेली, गिरणी थांबली. गिरणी थांबली की जी शांतता व्हायची ती दुसऱ्या कुठल्या गावातली असल्यासारखी वाटायची. आम्ही सगळे गॅलरीत वारा खात उभे. सर मशीन बंद आहेत याचा फायदा घेऊन पत्त्याचा पत्ता म्हणजे काय ते समजावत होते. परत आत आलो तर खिडकीजवळची खुर्ची मोकळी.

सर अनवाणी धावले. आम्ही वाटा वाटून घेतल्या, कोण पंचगंगेकडं, कोण महाद्वारला, कोण रंकाळ्याला. मी नदीकडं पळताना काय काय नवस बोलले ते मला आठवतही नाही. हात हलवत सगळे परत आलो आणि जिन्याखाली उभे राहिलो. सरांच्या चेहऱ्यावरचं पीठ घामानं ओघळत होतं. तेवढ्यात रिक्षा थांबली. आतून एसटीचा एक कंडक्टर उतरला आणि त्यानं हात धरून अव्वांना उतरवलं.

"आज्जी नेसरीच्या गाडीत बसलीती," तो म्हणाला. "तिकीट कुठलं म्हटलं, तर म्हणती घरचं. घर कुठं, तर म्हणती हाय तितं. मग पिशवीत हा कागद घावला."

तो कागद सरांनीच पिशवीत घालून ठेवलेला. क्लासचा पत्ता, गिरणीवाल्या मामांचा फोन. सरांनी कंडक्टरचे पाय धरायचेच बाकी ठेवले. पण अव्वा संतापल्या होत्या. त्या वर यायला तयार होईनात, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. कंडक्टरच्या हातातला कागद ओढून घेऊन टराटरा फाडला. "खोटा हाय ह्यो कागद. हितं माझं काय हाय?"

सर त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. "अव्वा, उद्या जाऊ."

"तुझा उद्या कवा उजाडायचा रे तम्मा?"

कंडक्टर तोंड फिरवून निघून गेला. आणि माझा बांध फुटला. गुरू, वय, काही बघितलं नाही. "सर, न्या की तेंना एकदा! सगळ्या गावाला पत्ते वाटत हिंडवता, आणि आईला एवढं दाखवाय होत न्हाय? लई हुशार हाय तुम्ही, पण भित्रं हाय."

सर चिडले नाहीत. समजूत घालून अव्वांना वर बसवून आले आणि गिरणीच्या दाराशी पोत्यावर बसून बोलले. "सुरुवातीला मी खरं सांगायचो. घर विकलं, पाडलं. ती रडायची. दुसऱ्या दिवशी इसरायची, परत इचारायची. परत सांगितलं की परत रडायची, पहिल्यांदाच कळल्यासारखी. रोज नव्यानं घर पाडायचं का मी तिचं? म्हणून उद्या म्हणाय लागलो." त्यांनी मांडीवरचा डाग चोळला. "तितं नेली आणि तिनं डोळ्यानंच बघितलं तर? तेवढं एकच घर उभं हाय तिच्या डोक्यात. तेबी पडलं तर ती ऱ्हायची कुठं?"

"आणि आता कुठं ऱ्हाती हो?" मी म्हटलं. "हितंबी न्हाय, तितंबी न्हाय. खुर्चीत बसल्या त्या नुसत्या."

मग कबनूरकर, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात, म्हणाला, "आमची जीप रविवारी मोकळी असती, सर."

त्या रविवारचं सगळं मला धुक्यातनं बघितल्यासारखं आठवतं. धुकं होतंही. कागलपर्यंत उसाच्या शेतांवर नुसतं पांढरं, मध्येच एखादा बैलगाड्यांचा तांडा वर तरंगल्यासारखा दिसायचा. निपाणीत तंबाखूचा वास. पुढं कबनूरकर आणि सर, मागं मी आणि अव्वा. अव्वा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या होत्या. त्यांना वजनच नव्हतं. सर एकदाही मागं वळले नाहीत, पण आरशातनं सारखे बघत होते. कबनूरकरानं वातावरण हलकं करायला म्हणून विचारलं, "सर, दोन फायलींची चूक मशीनला आधीच कळावी म्हणून कायतरी करता येत असंल न्हवं?" सर म्हणाले, "येतं. दोघांनी एकच कागद वाचायचा. घर कसलं हाय ते एकदाच लिवायचं, आणि दोघांनी तेच धरायचं." नंतर खूप वेळानं, कुणी विचारलं नसताना म्हणाले, "माणसांत न्हाय येत."

गडहिंग्लज मागं पडलं आणि अव्वा जाग्या झाल्या. ताठ बसल्या, पदर सारखा केला. झाडं ओळखायला लागल्या. हितं जत्रंला पाळणा लागतो. हितं तम्मा पडला होता, गुडघा फुटला होता. सर पुढं बसून ऐकत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

बाजारपेठेत जीप थांबली. समोर सिमेंटची दोन मजली इमारत, लोखंडी शटर, खताच्या पोत्यांची थप्पी, वर किडीच्या औषधाची रंगीत पाटी. जुन्याची एक वीटसुद्धा नव्हती. मीच हट्ट धरला होता. मी आधी उतरून आत पळाले. दुकानामागच्या घरात एक तरुण बाई भाजी निवडत होती. मी तिला एका दमात सगळं सांगितलं, धड सांगितलं की नाही देव जाणे. ती विळी बाजूला सारून उठली. "आवो, मग बाहेर का उभं केलासा तेंना? येऊ द्या की. घर तेंचंच हाय."

अव्वा आल्या. पोत्यांच्या मधनं, कुणाचाही हात न धरता, सरळ. मी मागोमाग. कुठं थांबल्या नाहीत, चुकल्या नाहीत. स्वयंपाकघरात पांढऱ्या फरशा, काळा ओटा, गॅस. अव्वांनी भिंतीवरनं तळवा फिरवला, ओट्याच्या पुढं जमिनीवर बैठक मारली आणि सुस्कारा टाकला. इतक्या वर्षांचा तो सुस्कारा. "चूल इझली वाटतं," म्हणाल्या.

"पेटवतो की अव्वा," ती बाई म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'आलो, गेलो, करतो'च म्हणतात. तिनं गॅस पेटवला. अव्वा ज्योतीकडं बघून हसल्या. एवढ्या दिवसांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. काहीही पडलं नव्हतं. घर होतं तिथं होतं, आणि अव्वा त्यात बसल्या होत्या. मला त्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

मी बाहेर धावले. सर दुकानाच्या पायरीपाशी उन्हात उभे होते, पाठमोरे, आत बघायची छाती होत नव्हती त्यांची. "सर! सर, तेंना सगळं दिसतंय! चूल पेटवाय सांगितली तेंनी! हसल्या त्या!"

"खरं?"

"आईशप्पथ!"

सरांनी डोळे मिटले आणि उघडले. पोक गेलं त्यांचं, एकदम उंच झाले. ते आत यायला वळले, तेवढ्यात अव्वाच दारात आल्या. त्यांनी सरांना बघितलं. पायांपासनं केसांपर्यंत नीट बघितलं, आणि परक्या पुरुषासमोर घेतात तसा डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"कुठलं पावणं म्हणायचं?" त्या म्हणाल्या. "उनात का उभं ऱ्हायलाय? आत या की. मालक बाजारला गेल्यात, आणि आमचा तम्मा शाळंतनं यायचा हाय. तवर चहा घ्या."

मी बोलायला तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, काही सांगू नकोस म्हणून. मग त्यांनी चपला काढल्या, भिंतीकडेला नीट जोडून ठेवल्या, आणि आईपुढं हात जोडले.

"कोल्हापूरचा हाय मी, आक्का," सर म्हणाले. "बसतो की. तम्मा आला म्हंजे भेटूनच जातो."